नवशिक्याचा भारव्यायाम : क्रमनिवडीचे निकष

१. प्रश्नाचे स्वरूप

भारव्यायामास प्रारंभ करू इच्छिणाऱ्या व्यक्तीपुढे पहिली अडचण उभी राहते ती क्रम निवडण्याची. व्यायामशाळेत एक जण तिला आठवड्याचे सहा दिवस येण्यास सांगतो, दुसरा तीन दिवस पुरेत असे म्हणतो. एक पाच आवृत्त्यांचा आग्रह धरतो, तर दुसरा पंधरांचा. भिंतीवरील तक्त्यात सोमवारी छाती, मंगळवारी पाठ अशी अवयवांची वाटणी केलेली असते. या प्रत्येक सल्ल्यामागे कोणाचा ना कोणाचा अनुभव असतो, त्यामुळे त्यांपैकी कोणताही सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. परंतु सल्ला देणाराची अवस्था आणि नवशिक्याची अवस्था एक नसते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात, आणि त्यांचे परिणाम किरकोळ नसतात. पहिल्या आठवड्यात जिना उतरणे कठीण व्हावे इतके स्नायू दुखावे, तिसऱ्या आठवड्यात कंबर धरावी, आणि दुसऱ्या महिन्यात ‘आपल्या प्रकृतीला हे मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून माणसाने व्यायाम कायमचा सोडावा, हा अनुक्रम सर्वपरिचित आहे. अशा वेळी दोष प्रकृतीचा नसून क्रमाचा असतो.

येथे आरंभीच एक मर्यादा घालून घेणे इष्ट होय. भारोत्तोलन हा क्रीडाप्रकार वेगळा आणि भारव्यायाम वेगळा. भारोत्तोलनाच्या स्पर्धेत स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोनच प्रकार आज असतात; प्रेस हा तिसरा प्रकार १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकनंतर वगळण्यात आला. भारव्यायामात भार हे साधन असते आणि शरीराचे बळ हे साध्य असते. नवशिक्याने भारव्यायामाचा क्रम कोणत्या निकषांवर निवडावा, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२. परंपरा आणि परिभाषा

भार उचलून बळ वाढविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची वर्गवारी असून त्यांनी करावयाच्या श्रमांमध्ये ‘भारश्रम’ हा स्वतंत्र प्रकार गणलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्याने करावा असे सांगितले असून श्वास मुखावाटे येऊ लागणे हे निम्मे बळ खर्ची पडल्याचे लक्षण मानले आहे. मल्लांचे वर्ग पाडणे आणि थांबण्याचे लक्षण सांगणे या दोन्ही गोष्टी क्रमनिवडीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

महाराष्ट्रातील तालमींची व्यवहारभाषा मात्र वेगळ्या अंगाने वाढली. जोर काढणे, बैठका मारणे, मुद्गल फिरविणे या सर्व प्रयोगांत प्रगतीचे माप संख्या हे आहे. शंभर जोर काढणारा दोनशेवर गेला म्हणजे तो पुढे गेला, असे मानण्याची रीत होती. आणि जेथे भार म्हणजे स्वतःचे शरीर, तेथे दुसरे सोयीचे मापही नव्हते. आजच्या व्यायामशाळेत ‘सेट मारणे’ असा प्रयोग रूढ झाला आहे. नाम इंग्रजीतून आले, क्रियापद मात्र बैठकांचेच राहिले, आणि क्रियापदाबरोबर संख्येचा मोहही राहिला. ‘किती मारलेस?’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळते. तो आकडा किती भारावरचा, हे त्या प्रश्नात येतच नाही. भारव्यायामात नेमके हेच माप मुख्य असते. संख्या वाढवीत गेल्याने मुख्यतः दम आणि चिकाटी वाढते. बळ वाढावयाचे तर भार वाढवावा लागतो. तालमीच्या रीतीत उणेपणा आहे असा याचा अर्थ नव्हे. दोन रीतींची उद्दिष्टे भिन्न आहेत, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

पुढील विवेचनासाठी चार संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. एक हालचाल आरंभापासून अखेरपर्यंत एकदा पूर्ण करणे म्हणजे आवृत्ती. हिलाच व्यायामशाळेत रेप म्हणतात. न थांबता केलेल्या आवृत्त्यांचा गट म्हणजे संच, अथवा सेट. एखाद्या भाराने शुद्ध रीतीने दहाच आवृत्त्या होऊ शकतात, अकरावी होत नाही, तर तो त्या व्यक्तीचा दशावृत्ति-भार. आणि हालचाली, संच, आवृत्त्या, दिवस व वाढीचा नियम यांची जी निश्चित मांडणी, ती म्हणजे क्रम. वाढीचा नियम ज्यात सांगितलेला नाही अशी यादी, ती कितीही लांब असली तरी, क्रम या संज्ञेस पात्र होत नाही.

३. नवशिका कोणास म्हणावे

नवशिकेपण वयावर अथवा अंगकाठीवर ठरत नाही. शेतात पोती वाहणारा तरुण बळकट असतो, तथापि खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन बैठक घालण्याच्या बाबतीत तो नवशिकाच असतो. शास्त्रीय दृष्ट्या नवशिका तो, की ज्याचे शरीर एका दिवसाच्या व्यायामातून सावरून दोन-तीन दिवसांत थोडा अधिक भार पेलू शकते. अनुभवी माणसाला तेवढ्याच वाढीस कित्येक आठवडे, पुढे कित्येक महिने लागतात. वाढीचा वेग हाच दोघांमधील खरा भेद होय.

हा वेग कशामुळे येतो, याचा उलगडा मोरितानी आणि डीव्ह्रीस यांच्या १९७९ च्या संशोधनाने बराचसा झाला. आरंभीच्या काही आठवड्यांत बळ झपाट्याने वाढते, परंतु स्नायूंचा आकार त्या प्रमाणात वाढलेला नसतो. मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंचा अधिक भाग, अधिक सुसंगतपणे कामास लावण्यास शिकते, म्हणून ही वाढ दिसते. स्नायूंची प्रत्यक्ष वाढ नंतर हळूहळू पुढे येते. याचा अर्थ असा, की आरंभीचा भारव्यायाम हा बऱ्याच अंशी अध्ययनाचाच प्रकार आहे; आणि अध्ययनाचा नियम येथेही लागू पडतो : थोड्या गोष्टी, वारंवार आणि शुद्ध रीतीने.

अवयवांच्या वाटणीचा तक्ता नवशिक्याला का मानवत नाही, याचे उत्तर येथेच मिळते. त्या तक्त्यात प्रत्येक हालचाल आठवड्यातून एकदाच येते. बारा आठवड्यांत तिचा सराव बारा वेळा होतो. तीच हालचाल आठवड्यातून तीनदा केली तर तेवढ्याच काळात छत्तीस वेळा होते. शिवाय एकाच दिवशी एकाच अवयवावर पाच-सहा प्रकारांचा मारा झाल्याने दुखणे वाढते, आणि पुढील सोमवारपर्यंत शिकलेले अर्धे विसरलेले असते. हा तक्ता मुळात अशा माणसांसाठी आहे की ज्यांना प्रत्येक अवयवासाठी पुष्कळ काम हवे असते आणि ज्यांच्या हालचाली केव्हाच पक्क्या झालेल्या असतात.

४. प्रयोगांची साक्ष

भारवाढीच्या तत्त्वास शास्त्रीय रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. शिकागो येथील गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हा तरुण वैद्य जखमी सैनिकांवर उपचार करीत होता. गुडघा अथवा मांडी दुखावलेल्या सैनिकांना तोवर हलक्या भाराच्या पुष्कळ आवृत्त्या सांगितल्या जात. डीलॉर्मने ही रीत उलटविली : भार जड, आवृत्त्या थोड्या, आणि बळ वाढेल तसतशी भारात वाढ. १९४५ मध्ये त्याने ही पद्धती प्रसिद्ध केली. प्रारंभी तो एका बैठकीत सत्तर ते शंभर आवृत्त्या करवीत असे. अनुभवान्ती हे काम त्यालाच अति वाटले. १९४८ मध्ये वॉटकिन्सच्या सहकार्याने त्याने दहा-दहा आवृत्त्यांचे तीनच संच ठरविले : पहिला दशावृत्ति-भाराच्या निम्म्याने, दुसरा पाऊण भाराने आणि तिसरा पूर्ण भाराने. काम कमी करूनही फळ उणावले नाही, ही या सुधारणेतील लक्षणीय गोष्ट होय.

पुढे १९६२ मध्ये रिचर्ड बर्जरने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे नऊ गट करून एक, दोन व तीन संच आणि दोन, सहा व दहा आवृत्त्या यांच्या जोड्यांची बारा आठवडे तुलना केली. बेंच प्रेस या हालचालीत सहा आवृत्त्यांच्या तीन संचांचा गट सर्वांत पुढे गेला. त्याच सुमारास व्यायामपटूंमध्ये पाच आवृत्त्यांचे पाच संच ही रीत रेग पार्कमुळे प्रसिद्ध होत होती. बिल स्टारने ती १९७६ च्या आपल्या पुस्तकात खेळाडूंसाठी मांडली, आणि मार्क रिपेटोने २००५ मध्ये नवशिक्यांसाठी पाच आवृत्त्यांच्या तीन संचांचा क्रम रूढ केला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या २००९ च्या निवेदनात नवशिक्यास आठवड्यातून दोन ते तीन दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम आणि आठ ते बारा आवृत्त्यांचा भार सुचविला आहे.

पाच म्हणावे की दहा, असा वाद येथे निर्माण होतो. शोएनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित विचार केला. त्यातून असे दिसले की संच पुरेशा कष्टाचा असेल तर स्नायूंचा आकार हलक्या व जड अशा दोन्ही भारांनी साधारण सारखाच वाढतो. एका आवृत्तीचे कमाल बळ मात्र जड भाराने अधिक वाढते. तात्पर्य, पाच ते बारा या टप्प्यातील कोणतीही संख्या नवशिक्यास अपायकारक नाही. वाद घालावयाचाच तर तो संख्येपेक्षा वाढीच्या नियमाविषयी घालावा.

५. वाढीचा नियम

क्रोटोनचा प्राचीन ग्रीक मल्ल मायलो रोज एक वासरू खांद्यावर घेई, आणि वासराचा बैल होईपर्यंत त्याचेही बळ वाढत गेले, अशी आख्यायिका आहे. भारवाढीचे उदाहरण म्हणून ती नेहमी सांगितली जाते. तथापि तिच्यात एक खोट आहे : वासरू आपल्या गतीने वाढते, मायलोच्या गतीने नव्हे. क्रमाची खरी परीक्षा येथेच होते. वाढ किती, केव्हा आणि कोणत्या अटीवर, हे क्रमाने सांगितले पाहिजे.

समजा, एखाद्याने २० किलोच्या रिकाम्या दांड्यानिशी बैठकीस आरंभ केला आणि आठवड्यातून तीनदा, दर वेळी २.५ किलो, अशी वाढ केली. छत्तिसाव्या दिवशी, म्हणजे बारा आठवड्यांच्या अखेरीस, भार १०७.५ किलो होईल. हे काही निरोगी तरुणांस साध्य असते, पुष्कळांस नसते. हाच नियम वर्षभर, म्हणजे १५६ दिवस चालविला तर भार ४०७.५ किलोवर जाईल, आणि हे उघडच असंभवनीय आहे. म्हणजे सरळ रेषेतील वाढ हा नियम खरा असला तरी अल्पायुषी आहे. तो कोठे तरी मोडणारच. मोडल्यावर काय करावे, हे ज्या क्रमात सांगितलेले नाही तो अपुरा समजावा. रूढ आणि समंजस नियम असा : ठरलेल्या आवृत्त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर पुढील वेळी तोच भार घ्यावा; लागोपाठ तीन वेळा अपयश आले तर भार सुमारे दहा टक्क्यांनी उतरवून पुन्हा चढत यावे. असे दोन-तीनदा घडले की नवशिकेपण संपले असे मानून आठवड्याच्या मापाने वाढणारा क्रम घ्यावा.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा आहे. २.५ किलोची वाढ १०० किलोवर अडीच टक्के, ५० किलोवर पाच टक्के आणि २० किलोवर साडेबारा टक्के होते. वर उल्लेखिलेल्या २००९ च्या निवेदनात ठरविलेल्या संख्येपेक्षा एक-दोन आवृत्त्या अधिक होऊ लागल्या म्हणजे दोन ते दहा टक्के भार वाढवावा असे सांगितले आहे. मांड्या व पाठ यांच्या मोठ्या हालचालींत आरंभीची मोठी वाढ खपून जाते. खांद्यावरून डोक्यावर भार नेण्याच्या हालचालीत ती खपत नाही. स्त्रियांसाठीचा स्पर्धेचा दांडा १५ किलोचा असतो; त्यावरील २.५ किलो म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. डंबेलच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण पाच किलोनंतर पुष्कळ ठिकाणी एकदम साडेसात किलोचे डंबेल असते. ही वाढ पन्नास टक्क्यांची झाली. अशा वेळी दुहेरी वाढीचा नियम उपयोगी पडतो. भार तोच ठेवून आवृत्त्या आठांवरून बारांपर्यंत नेाव्यात, आणि सर्व संचांत बारा होऊ लागल्या की भार वाढवून पुन्हा आठांवर यावे. संख्या वाढविण्याची तालमीची रीत येथे भारवाढीची पायरी होऊन उपयोगास येते.

६. निकष आणि दोन नमुने

आतापर्यंतच्या विवेचनातून पुढील निकष निष्पन्न होतात. पहिला, क्रमात संपूर्ण शरीर आले पाहिजे : भारासह बसून उठणे, जमिनीवरून उचलणे, ढकलणे आणि ओढणे या चार हालचाली असल्या म्हणजे पुरे. दुसरा, एका दिवशी हालचाली तीन ते पाचच असाव्यात. तिसरा, प्रत्येक हालचाल आठवड्यातून किमान दोनदा यावी आणि मध्ये एक दिवस विश्रांतीचा असावा. चौथा, आरंभीचा भार हलका असावा. संचाच्या अखेरीस दोन-तीन आवृत्त्या शिल्लक आहेत असे वाटावे. सुश्रुताच्या निम्म्या बळाच्या विचाराशी याचे साधर्म्य उघड आहे. पाचवा, वाढीचा आणि अपयशाचा असे दोन्ही नियम स्पष्ट असावेत. सहावा, क्रम आपल्या साधनांशी व वेळापत्रकाशी जुळणारा असावा.

या निकषांवर उतरणारे दोन नमुने असे. ज्यास दांडा, वजनाच्या चकत्या, मजबूत घोडी आणि हालचाल तपासणारा जाणता माणूस उपलब्ध आहे, त्याने दोन दिवस आलटून-पालटून करावेत. पहिल्या दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस आणि वाकून दांडा पोटाकडे ओढणे. प्रत्येकाचे पाच आवृत्त्यांचे तीन संच. डेडलिफ्टचा मात्र एकच, कारण तिचा थकवा अधिक काळ टिकतो. ज्यास वसतिगृहातील दोन डंबेल एवढेच साधन आहे, अथवा ज्याच्यापाशी शिकविणारा कोणी नाही, त्याने छातीशी डंबेल धरून बैठक, डंबेल घेऊन कमरेतून वाकणे, जोर, आणि एका हाताने डंबेल ओढणे या चार हालचालींचे आठ ते बारा आवृत्त्यांचे दोन ते तीन संच दुहेरी वाढीने करावेत. दुसरा नमुना पहिल्यापेक्षा हलक्या प्रतीचा समजण्याचे कारण नाही. जो क्रम सत्रभर पाळला जातो तोच त्या सत्रातला उत्तम क्रम. स्त्री-पुरुषांसाठी निकष एकच आहेत. फरक पडतो तो आरंभीच्या भारात आणि वाढीच्या मापात.

७. धोके आणि मर्यादा

नवशिक्यास सर्वांत मोठा धोका जड भारापेक्षा पहिल्या दिवसाच्या उत्साहापासून असतो. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर मोडून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांस इजा पोहोचू शकते. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी गडद तपकिरी होऊ लागली तर ते साधे अंगदुखणे नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. याउलट अल्प मात्रेने आरंभ केल्यास तेच स्नायू पुढील वेळी पुष्कळ कमी दुखतात. पहिल्या आठवड्यात एकेकच संच करावा, या सल्ल्याचे कारण हेच होय.

दुसरा धोका श्वास कोंडण्याचा. मॅक्डूगल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अनुभवी व्यायामपटूंच्या धमनीतील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा दोन्ही पायांनी जड भार रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढलेला आढळला. निरोगी तरुणास हा क्षणिक ताण सोसतो; उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया अथवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असलेल्याने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून भारास हात घालू नये. भार उचलताना श्वास सोडण्याची सवय प्रारंभापासून लावणे श्रेयस्कर.

विजेत्यांच्या क्रमाचे अनुकरण हा तिसरा धोका. २०२२ च्या बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर यांनी ५५ किलो वजनगटात ११३ आणि १३५ असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक एका किलोने हुकले, आणि १३९ किलोच्या प्रयत्नात त्यांचे कोपर दुखावले. एका किलोसाठी शरीर पणास लावणे हा स्पर्धेचा धर्म आहे, आणि त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी असते. नवशिक्यापुढे असा कोणताही किलो नसतो. त्याची आजची आवृत्ती हुकली तर परवा ती पुन्हा करता येते.

८. उपसंहार

क्रमाची निवड म्हणजे वस्तुतः वाढण्याच्या आणि थांबण्याच्या नियमाची निवड होय. हालचालींची नावे, संचांची संख्या, आवृत्त्यांचे आकडे यांत मतभेदास पुष्कळ जागा आहे; या नियमांच्या आवश्यकतेविषयी ती नाही. निवडलेला क्रम किमान आठ ते बारा आठवडे न बदलता चालवावा, कारण त्याहून अल्प काळात तो फळला की फसला हे ठरविता येत नाही. आणि त्यासाठी एक साधन अपरिहार्य आहे, ते म्हणजे वही. तारीख, हालचाल, भार, आवृत्त्या आणि शेवटची आवृत्ती कशी गेली याचा एक शब्द, एवढी नोंद पुरते. स्मरणशक्ती यशाचे दिवस जपून ठेवते आणि अपयशाचे गाळते. वही दोन्ही ठेवते. महिन्याच्या अखेरीस ती उघडल्यावर भार वाढलेला दिसला तर क्रम योग्य; न दिसला तर कोणत्या दिवसापासून आणि कोणत्या हालचालीत तो अडला, हे त्याच पानावर सापडते.